परक्याचा भाव

ठाण्याहून काशिमिऱ्याकडे येणाऱ्या रस्त्याला ज्या गावाचं नाव मिळालं, ते घोडबंदर आज मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत आहे. वसईच्या खाडीकाठचा तिथला किल्ला पोर्तुगीजांचा. १७३७मध्ये मराठ्यांनी तो घेतला. पोर्तुगीजांच्या काळात इथे अरबी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हे नाव पडलं. समुद्रापलीकडून येणाऱ्या परदेशी माणसाचं घोडा हेच चालतं-बोलतं भांडवल असे. दख्खनच्या सुलतानांना घोडे हवे असत, इथल्या हवेत त्यांची चांगली पैदास होत नसे. होर्मुझहून आणलेलं एक जनावर कोकणात विकलं की पुढच्या सगळ्या प्रवासाचा खर्च सुटेल, असा हिशेब मांडून माणसं निघत.

असाच हिशेब मांडून अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४७०च्या आसपास आपल्या किनाऱ्याला लागला. तो उतरला घोडबंदरच्या दक्षिणेला, चौलला. वास्को द गामा तेव्हा जेमतेम जन्मलेला असेल. निकितिन मूळचा त्वेर गावचा. व्होल्गा नदीतून खाली येताना आस्त्राखानजवळ त्याला तातारांनी लुटलं. रिकाम्या हाताने घरी जावं तर देणेकरी दारात उभे, म्हणून तो पुढेच निघाला. इराण ओलांडून होर्मुझला आला, घोडा घेतला आणि गलबतात बसला. घोड्यावर आपले शंभर रूबल गेले, असं त्याने लिहून ठेवलं आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट याच माणसावरचा, १९५७चा.

चौलहून पालीमार्गे तो जुन्नरला पोहोचला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. बहामनी राज्यातल्या या मुक्कामाचं वर्णन एखाद्या चोख वाण्याने करावं तसं आहे. घोड्यांना इथे वाटाणे घालतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने टिपलं. वाचताना मनात येतं, ही खिचडी शिजवणाऱ्या गावकऱ्याच्या ताटात साखर आणि तूप कितपत पडत असेल? निकितिनने त्याचंही उत्तर देऊन ठेवलं आहे: गावची माणसं फार गरीब, सरदार मात्र चांदीच्या पालखीतून फिरतात.

आणि मग येते ती तक्रार, जिच्यासाठी त्याला या प्रकरणात बोलावलं. हिंदुस्थानात राहायचं म्हणजे गाठीचं सगळं संपवायचं, कारण इथे सगळंच महाग, असं तो म्हणतो. मी एकटा माणूस, दारूला शिवत नाही, तरी दिवसाला अडीच अल्तीन नुसते खाण्यावर जातात. परदेशी माणसाने हिंदुस्थानातल्या राहणीखर्चाचा मांडलेला हा फार जुना हिशेब आहे, आणि तो तपासून बघता येतो. एक अल्तीन म्हणजे सहा देंगा. मॉस्कोच्या हिशेबाने दोनशे देंगांचा एक रूबल. म्हणजे रोजचे पंधरा देंगा. शंभर रूबलच्या त्या घोड्याच्या किमतीत निकितिन या दराने साडेतीन वर्षांहून जास्त काळ जेवू शकला असता.

मग महाग काय होतं? घोडा. त्याला त्याने वर्षभर पोसलं आणि बिदरला नाताळच्या सुमारास विकलं. त्याआधी जुन्नरला तो घोडा जवळजवळ गेलाच होता. निकितिन मुसलमान नाही हे कळल्यावर तिथल्या असद खानाने घोडा ताब्यात घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी. नाही बदललास तर घोडा गेला आणि हजार नाणी दंड. मुदत चार दिवसांची. खुरासानचा एक मुहम्मद नावाचा वजनदार माणूस तेवढ्यात गावात आला, निकितिन त्याच्याकडे गेला, त्याने रदबदली केली आणि घोडा सुटला. त्या एका ओळखीची किंमत म्हणजे शंभर रूबलचा घोडा आणि हजार सोन्याची नाणी, अन्नापेक्षा ती कित्येक पट होती. पुढच्या प्रवासात तो ‘ख्वाजा युसुफ खुरासानी’ या नावाने वावरला, त्यात नवल नाही.

परक्या मुलखातल्या खर्चाचं बोलताना आपण हॉटेलचं भाडं, जेवण, टॅक्सी असे आकडे मांडतो. ते बाजारात लिहिलेले असतात, कोणीही विचारून घेईल. खिसा रिकामा करणारे आकडे वेगळे असतात: कागदपत्रांचे, चलनबदलाचे, जकातीचे आणि अनोळखी असण्याचे. निकितिनला मिरी आणि रंग स्वस्त दिसले होते. पण नेण्यासारखं काही नाही, कारण वाटेत जकात आणि समुद्रात चाचे, असं त्याने वैतागून लिहिलं. तो घरी पोहोचलाच नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला.

सव्वादोनशे वर्षांनंतर, १६९५मध्ये, जोव्हान्नी फ्रान्चेस्को जेमेल्ली करेरी हा इटालियन वकील दमण-वसईकडे आला आणि साष्टीतली कान्हेरीची लेणी बघून गेला. पुढे कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत जाऊन त्याने औरंगजेबालाही पाहिलं. १६९३ ते १६९८ अशी पाच वर्षं तो जगभर फिरला. कुठल्या राजाने पाठवलेला नाही, कंपनीचा नाही, धर्मप्रसारक नाही. स्वतःच्या पैशाने फिरणारा. त्याची युक्ती सोपी होती. प्रत्येक मुक्कामी असा माल घ्यायचा ज्याला पुढच्या मुक्कामी भाव आहे. इराणच्या बंदर अब्बासला खजूर, दारू आणि तिथली फळं घ्यावीत, फळं सुकवून किंवा सिरक्यात मुरवून हिंदुस्थानात आणावीत, चांगला नफा सुटतो, असा सल्ला त्याने पुस्तकात दिला आहे. निकितिनने सगळं भांडवल एका जनावरात घातलं; करेरीने बरणीत घातलं. बरणीला रोज चारा लागत नाही.

गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावर १९७०च्या दशकात हिप्पींनी जो बाजार सुरू केला, तो याच जातीचा. पैसे संपले की कॅमेरा, जीन्स, रेडिओ वाळूत मांडायचा आणि पुढचे काही महिने काढायचे. आज तिथे माल विकणारे बहुतेक भारतीय आहेत आणि घेणारेही.

हे हिप्पी इथे स्वस्तात का राहू शकत होते आणि निकितिनला का परवडलं नाही, याचं उत्तर स्वभावात नाही, चलनात आहे. मीरा रोडच्या केशकर्तनालयात केस कापायला जे पडतं, त्याच्या कितीतरी पट टोकियोत पडतं. कात्री तीच, डोकं तेच, लागणारा वेळही तोच. पण टोकियोतला न्हावी मीरा रोडला येऊन दुकान टाकू शकत नाही आणि आपला तिकडे जाऊ शकत नाही, म्हणून दोघांच्या मजुरीची गाठ कधी पडत नाही. जपानमध्ये कारखान्यातल्या कामगाराची मजुरी वाढली की न्हाव्याचीही वाढवावी लागते, नाहीतर तो कात्री टाकून कारखान्यात जाईल. गरीब देशांत केस कापणं, कपडे धुणं, रिक्षा, घरकाम, भाजी स्वस्त असते ती या कारणाने. उलट पेट्रोल, विमानाचं तिकीट, मोबाइल या वस्तू जगाच्या बाजारात फिरतात. त्यांचा भाव भाईंदरला आणि बर्लिनला फारसा वेगळा नसतो, कधीकधी आपल्याकडेच जास्त असतो.

अर्थशास्त्रज्ञ यावरून क्रयशक्तीचा दर काढतात. जागतिक बँकेच्या हिशेबात अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते भारतात साधारण २० रुपयांत मिळतं. बाजारात मात्र त्या डॉलरचे ८० रुपयांहून जास्त येतात. डॉलर घेऊन उतरणारा माणूस विमानतळाबाहेर पाऊल टाकताक्षणी चौपट श्रीमंत होतो. त्याने यासाठी काही कष्ट केलेले नसतात. ‘आशिया स्वस्त आहे’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. आशिया महाग चलन खिशात असणाऱ्याला स्वस्त आहे. नायजेरियन नैरा किंवा श्रीलंकन रुपया घेऊन येणाऱ्याला मुंबई स्वस्त वाटत नाही.

या चौपट श्रीमंतीतला थोडा वाटा सरकारं परत घेतात, आणि तो घेण्याची जागा म्हणजे तिकीट खिडकी. करेरीने पाहिलेली कान्हेरी आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. त्याच उद्यानाचं रान काशिमीरा-चेण्याला भिडतं. पुरातत्त्व खात्याच्या २०१८च्या दरवाढीनंतर कान्हेरीला भारतीयाला २५ रुपये आणि परदेशी पर्यटकाला ३०० रुपये. घारापुरी, अजिंठा, वेरूळ इथे ४० आणि ६००. बारापट आणि पंधरापट. या फरकावर परदेशी पर्यटक कुरकुरतात, पण मला तो वावगा वाटत नाही. लेण्यांची देखभाल आपल्या करातून होते, आणि शाळेची सहल घेऊन आलेल्या मुरबाडच्या मास्तरांना ३०० रुपये परवडणार नाहीत. हाच न्याय भाजीवाल्याने लावला तर मात्र ती लूट आहे, कारण त्याच्या कोथिंबिरीत कोणाचा कर नाही.

खिडकीवरच्या फलकात एक बारीक ओळ असते, ती वाचण्यासारखी आहे. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीय दर. म्हणजे नेपाळी, बांगलादेशी, श्रीलंकन, तसंच म्यानमार आणि थायलंडचा माणूस २५ रुपयांत आत जातो. थायलंड आपल्याला ही परतफेड करत नाही. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत थाई माणसाचा दर वेगळा, परदेशी माणसाचा कितीतरी जास्त, आणि भारतीय परदेशीच. अनेक ठिकाणी थाई दर थाई अंकांत लिहिलेला असतो, परदेशी दर इंग्रजी अंकांत, म्हणजे पाहुण्याला फरक कळूच नये. आपल्याकडे देवनागरी अंक वापरून ही युक्ती अजून कोणी केली नाही, हे आश्चर्यच.

मीरा-भाईंदरमधून हल्ली थायलंड, व्हिएतनाम, बाली अशा सहलींना जाणारी कुटुंबं कमी नाहीत. कान्हेरीच्या खिडकीवर जो आपला असतो तो तिकडच्या खिडकीवर परका होतो, आणि हा भूमिकाबदल पुष्कळांच्या बजेटमध्ये धरलेला नसतो. अंगकोरचा एका दिवसाचा पास २०१७पासून ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, आठवड्याचा ७२. कंबोडियन माणसाला फुकट, आपल्याला पूर्ण. बालीत फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक परदेशी पाहुण्यामागे दीड लाख रुपिया कर. आकडा ऐकून घाबरू नये, ही रक्कम हजार रुपयांच्या आत-बाहेर आहे. भूतानने भारतीयांना वेगळं काढलं आहे: इतर परदेशी पर्यटकांना रात्रीला १०० डॉलर शाश्वत विकास शुल्क, भारतीयांना १,२०० रुपये. चार जणांचं कुटुंब पाच रात्री राहिलं तर हे नुसतं शुल्कच २४,००० रुपयांपर्यंत जातं (लहान मुलांना सवलत आहे), आणि टूरवाल्याच्या जाहिरातीतल्या ठळक आकड्यात ते असेलच असं नाही. विचारून घ्यावं.

चलनबदलात पैसे कसे झिरपतात ते एका दुकानात उभं राहून बघू. बँकॉकच्या मॉलमध्ये तुम्ही कार्ड दिलं. यंत्रावर प्रश्न येतो: बिल बाहतमध्ये द्यायचं की रुपयांत? रुपये बघून जीव भांड्यात पडतो आणि आपण ते बटण दाबतो. तिथे फसतो. रुपयांतला दर त्या दुकानाच्या बँकेने स्वतःचा नफा घालून ठरवलेला असतो. बाहतचं बटण दाबलं तर दर कार्ड नेटवर्कचा लागतो, आणि आपल्या बँकेचा जो काही अधिभार असेल तो. पहिल्यात बहुतेक वेळा जास्त जातात. परदेशात यंत्राने विचारलं की नेहमी तिथलं चलन निवडावं.

व्हिएतनाममध्ये अडचण शून्यांची. शंभर रुपयांचे तीस हजारांच्या आसपास डाँग होतात. त्यात २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळी, दोन्ही प्लॅस्टिकच्या. रात्री टॅक्सीत, मंद दिव्यात, पंचवीसपट पैसे देऊन उतरणारे पर्यटक कमी नसतात. निळ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात, एवढाच उपाय. नेपाळला हा त्रास नाही. १९९३पासून शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी हा दर हललेला नाही. भूतानचा ङुलत्रुम तर रुपयाच्या बरोबरीचा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर जो टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा आयकर, कापला जातो, तो मात्र खर्चात धरू नये. आयकर विवरणपत्र भरलं की तो वळता होतो किंवा परत मिळतो. विवरणपत्र न भरणाऱ्याला तो खर्चच.

सहलीचा माणूस पंधरवड्यात परत येतो. खरा हिशेब कळतो तो पोटासाठी गेलेल्यांना. पश्चिम आशिया हाही आशियाच, आणि कोकणातल्या गावांप्रमाणे मीरा रोडच्या कित्येक घरांतही आखाताचा पैसा नवा नाही. तिथे आयकर नाही म्हणून पगार पुरा हातात पडतो, हे खरं. सौदी रियाल १९८६पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला, अमिरातीचा दिऱ्हॅम १९९७पासून ३.६७२५ वर, त्यामुळे रुपया घसरला की घरी येणारी रक्कम आपोआप फुगते. पण जुलै २०१७मध्ये सौदी अरेबियाने परदेशी कामगाराच्या सोबत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिन्याला १०० रियाल शुल्क लावलं. दरवर्षी शंभराने वाढवत जुलै २०२०मध्ये ते ४०० झालं. आपली माणसं त्याला ‘फॅमिली टॅक्स’ म्हणत. बायको आणि दोन मुलं सोबत असतील तर महिन्याला १,२०० रियाल, वर्षाला १४,४००, म्हणजे तीन लाख रुपयांहून जास्त. घरभाडं नाही, शाळेची फी नाही, नुसतं कुटुंब सोबत ठेवण्याचे पैसे. मध्यम पगाराच्या माणसाला ते झेपेना. बऱ्याच जणांनी बायका-मुलांना मायदेशी पाठवलं आणि स्वतः चारचौघांत खोली वाटून राहू लागले. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब आणायला किमान ४,००० दिऱ्हॅम पगार लागतो, किंवा ३,००० आणि कंपनीचं घर. त्याखालच्या पगाराच्या माणसाने संसार व्हिडिओ कॉलवर करायचा.

आता याच मीरा रोडवर परदेशी माणूस काय भोगतो तेही पाहायला हवं. दोन तऱ्हेचे परदेशी इकडे दिसतात. एक, भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने गोराईच्या विपश्यना पॅगोड्याकडे जाणारे. फेब्रुवारी २००९मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या पॅगोड्यात प्रवेश सगळ्यांना फुकट, आणि विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात राहणं-जेवणही फुकट. दान द्यायचं तर शिबिर पूर्ण केल्यावर. परदेशी आणि देशी असे दोन भाव तिथे नाहीत. अशा माणसाचा इथला मोठा सरकारी खर्च म्हणजे व्हिसा. २०१९मध्ये ठरलेल्या दरांनुसार बहुतेक देशांच्या नागरिकांना ३० दिवसांचा ई-पर्यटक व्हिसा जुलै ते मार्च २५ डॉलरला आणि एप्रिल ते जून १० डॉलरला. उन्हाळ्यात येणाऱ्याला सरकारने दिलेली ही सूट. मे महिन्यात भाईंदर स्टेशनच्या पुलावरून जाऊन आलेला कोणीही म्हणेल की ती रास्त आहे. लोकलच्या तिकिटात देशी-परदेशी भेद नाही. अडचण येते ती वडापावच्या गाडीवर. समोर क्यूआर लटकलेला, पाचशेची मोड नाही, आणि पाहुण्याकडे भारतीय बँक खातं नसल्याने यूपीआय नाही. २०२३मध्ये जी-२०च्या निमित्ताने परदेशी पाहुण्यांसाठी पैसे भरून वापरायचं यूपीआय पाकीट काढलं, पण गाडीवर उभ्या असलेल्या पाहुण्याला ते ठाऊक असेलच असं नाही.

दुसरे परदेशी म्हणजे मीरा रोड-नालासोपारा पट्ट्यात राहणारे आफ्रिकी देशांतले विद्यार्थी आणि कापडाचे व्यापारी. यांना चौपट श्रीमंती नाही. यांचं चलन आपल्यापेक्षाही ठिसूळ. घर शोधायला गेले की ब्रोकर आधी देशाचं नाव विचारतो. मग ‘सोसायटीवाले ऐकत नाहीत’, ‘मालकाला फॅमिली पाहिजे’. शेवटी जो मालक तयार होतो तो अनामत जास्त मागतो, भाडं चढवतो, करार नोंदवायला टाळतो. जुन्नरच्या खानाने उघडपणे धर्म विचारला होता. इथे प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, दंड मात्र त्याच कारणाचा, रदबदली करणारं कोणी नसल्याचा.

कायद्यात या चढ्या भावाला आधार नाही. परदेशी माणसाला घरी ठेवणाऱ्याने २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरायची असते. त्याला शुल्क नाही. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी, नोकरी अशा व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे (एफआरआरओ) नोंदणी करायची, ती जबाबदारी त्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ते मालकाने करायचं आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटीने लावायच्या बिनभोगवटा शुल्कावर १ ऑगस्ट २००१च्या सरकारी आदेशाने मर्यादा घातली आहे: सेवा शुल्काच्या १० टक्के, त्याहून एक रुपयाही जास्त नाही, भाडेकरू सातारचा असो की लागोसचा. तुमच्या सोसायटीत परदेशी भाडेकरू असेल आणि त्या घराच्या बिलात यापेक्षा मोठा आकडा दिसत असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत तो विषय काढा.